शिकारी रायफलीचें वय

जुन्या घराण्यांतील एखाद्या कपाटांतून तेलकट फडक्यांत गुंडाळलेली शिकारी रायफल बाहेर निघते, तेव्हां घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ही किती वर्षांची असेल? आणि उत्तरेंहि तयार असतात. कोणी म्हणतो, आजोबांनीं ती विकत घेतली त्या सालची. कोणी दस्त्यावर बसविलेल्या चांदीच्या पत्र्याकडे बोट दाखवितो. कोणी 'मॉडेल' या शब्दापुढील आंकडा मोठ्यानें वाचतो आणि प्रश्न मिटला असें समजतो. या तिन्ही उत्तरांत थोडें थोडें सत्य असतें, आणि तिन्ही उत्तरें फसवीं असूं शकतात. विकत घेतलेली वस्तु त्याच वर्षीं घडविलेली असते असा नियम नाहीं. पत्र्यावर कोरलेलें साल हें देणगीचें साल असतें. मॉडेलपुढील साल तर नमुना ठरल्याचें साल. त्या नमुन्याच्या रायफली पुढें चाळीस चाळीस वर्षें निघत राहिल्या आहेत.

जुन्या कागदपत्रांचे अभ्यासक मोडी दस्तऐवजाचें वय ठरवितांना नुसत्या मजकुरावर विसंबून राहात नाहींत. ते कागद उजेडासमोर धरून त्यांतील जलचिन्ह पाहतात. दस्तांत शक कोणताहि घातलेला असो. ज्या गिरणीचा तो कागद, ती गिरणीच त्या शकानंतर निघाली असेल, तर दस्त बनावट किंवा निदान मागाहून केलेली नक्कल ठरतो. रायफलीचें वय ठरविण्याचा न्यायहि हाच आहे. तिच्या मूळच्या भागांपैकीं जो भाग सर्वांत अलीकडच्या सुधारणेचा असेल, त्या सुधारणेपूर्वींची ती रायफल असणें शक्य नाहीं. मग बाकीचें अंग कितीहि जुन्या धाटणीचें असो. मात्र 'मूळच्या' या शब्दावर सगळा भार आहे. नळी बदलतां येते, दस्ता बदलतां येतो, माशी तर कोणीहि गांवठी कारागीर बदलूं शकतो. म्हणून एका खुणेवर निकाल देणें धोक्याचें. चार खुणा एकमेकींस दुजोरा देतात कीं नाहीं हें पाहावें लागतें.

हा निव्वळ हौशी संग्राहकांचा खेळ असता, तर त्याविषयीं इतकें बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु वयावरून त्या पोलादाची सहनशक्ति समजते. काडतुसांतील दारू पेटली म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशीं दर चौरस इंचावर चाळीस-पन्नास हजार पौंडांचा दाब उत्पन्न होतो, आणि तेथून अवघ्या कांहीं इंचांवर नेम धरणाराचा डोळा असतो. ज्याच्या नांवाभोंवतीं हा सारा इतिहास फिरतो त्या पॉल मौसरचा स्वतःचा एक डोळा १९०१ सालीं एका स्वयंचलित रायफलीची चांचणी घेतांना गेला. घडविणाराची ही गत, तर कपाटांतून काढून आणणाराची काय कथा!

ज्या रायफलींना इंग्रजींत बोल्ट-ॲक्शन म्हणतात, त्यांची मूळ कल्पना आपल्या वाड्याच्या दरवाजासारखीच आहे. दाराला अडसर घालावा त्याप्रमाणें नळीच्या मागच्या तोंडाला एक पोलादी दांडा लावून तो फिरवून अडकवावयाचा. या अडसराला बाजूला मूठ असते. मूठ उचलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, पुढें लोटली कीं पेटींतलें नवें काडतूस नळींत जातें, आणि मूठ खालीं दाबली कीं अडसर बंद होतो. अडसराला जे पोलादी कान असतात ते त्या वेळीं आजूबाजूच्या घराच्या खांचांत बसतात. 'घर' म्हणजे ज्यांत अडसर मागेंपुढें सरकतो तो भाग. स्फोटाचा सर्व धक्का या कानांनीं सोसावयाचा असतो. कान किती, कोठें आणि केवढे, या तीन प्रश्नांतच रायफलीच्या वयाचा निम्मा उलगडा आहे.

मौसर बंधूंचा कारखाना दक्षिण जर्मनींत वुर्टेंबर्ग प्रांतीं नेकार नदीकांठच्या ओबर्नडोर्फ गांवीं होता. त्यांची १८७१ सालची रायफल काळ्या दारूची व एकएक काडतूस भरावयाची. तिच्या अडसराला पुढें कान नव्हते, मुठीच्या बुडख्यावरच सगळी भिस्त. १८८९ सालीं बेल्जियमसाठीं केलेल्या रायफलींत अडसराच्या अगदीं पुढच्या टोंकास समोरासमोर दोन कान आले, आणि स्फोटाचा धक्का जेथें उत्पन्न होतो तेथेंच तो अडविण्याची सोय झाली. परंतु त्या रायफलीची पेटी पोटाखालीं बाहेर लोंबत असे. १८९२ सालीं दुसरी एक गोष्ट आली, आणि ती या कथेंत शेवटपर्यंत पुनःपुन्हा भेटणार आहे : अडसराच्या उजव्या कुशीला लागून असलेली लांब पोलादी नखी. अडसर फिरला तरी ही नखी फिरत नाहीं. पेटींतून वर येणाऱ्या काडतुसाची कड ती आधींच पकडते आणि तें रिकामें होऊन बाहेर पडेपर्यंत सोडीत नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९३ सालीं, स्पेनसाठीं केलेल्या नमुन्यांत काडतुसें एकावर एक न रचतां डावीं-उजवीं अशीं नागमोडी बसविलीं गेलीं. त्यामुळें पांच काडतुसें दस्त्याच्या पोटांतच मावूं लागलीं आणि पेटीचें लोंबणें संपलें. तेव्हां मौसरच्या जातीची रायफल हातीं आली आणि तिचें पोट सपाट आहे व कुशीला लांब नखी आहे असें दिसलें, तर १८९३ च्या अलीकडे येण्यास हरकत नाहीं.

आतां खरी कसोटीची जागा. १८९८ सालीं जर्मन सैन्यानें जो नमुना स्वीकारला तो मौसरच्या बुद्धीचा कळस. त्यानंतरच्या अडसराच्या शिकारी रायफलींत पुष्कळशा त्याच्या सख्ख्या किंवा चुलत संतती आहेत. त्यांत दोन कानांच्या जोडीस मागें मुठीजवळ तिसरा कान आला. तो रोजच्या कामाचा नव्हे. पुढचे दोन दगा देतील त्या दिवसासाठीं राखून ठेवलेला. घराचें पुढील कडें पूर्वीं सुमारें १.३० इंच व्यासाचें होतें तें सुमारें १.४१ इंचांचें झालें. काडतुसाचें बूड फुटून वायु मागें आला तर तो डोळ्यांत न जातां बाजूस वळावा म्हणून अडसरास भोंकें पाडलीं आणि त्याच्या मागच्या टोपीस रुंद कांठ दिला. आघात करणारी कमान पूर्वीं अडसर बंद करतांना ताणली जाई, ती आतां मूठ उचलतांना ताणली जाऊं लागली.

या शेवटच्या फरकामुळें डोळे मिटूनहि परीक्षा करतां येते. रायफल रिकामी आहे याची नळींत व पेटींत पाहून खात्री करून घ्यावी आणि मग सावकाश अडसर चालवावा. पुढें लोटतांना शेवटच्या इंचभर अंतरांत कमानीचा जोर हाताला जाणवला तर ती १८९३ ते १८९६ च्या वंशांतली. मूठ वर उचलतांना जोर जाणवला तर १८९८ च्या वंशांतली. परंतु एवढ्यावर थांबूं नये. कुशल कारागीर जुन्या रायफलीची कमान ताणण्याची रीत बदलूं शकतो, आणि अशा बदललेल्या रायफली पुष्कळ आहेत. अडसर बाहेर काढून तिसरा कान शोधावा. अडसर व कान हें एकाच पोलादी तुकड्याचें काम असल्यामुळें तो मागाहून चिकटवितां येत नाहीं. जो पुरावा सहज बनवितां येत नाहीं तो अधिक विश्वासाचा, हा न्यायालयांतला नियम येथेंहि उपयोगी पडतो.

यांत जिवाचा प्रश्न कसा येतो तें सात मिलिमीटरच्या काडतुसावरून दिसतें. हें काडतूस स्पेनच्या १८९३ च्या रायफलीबरोबर प्रसिद्धीस आलें; १८९९ ते १९०२ च्या युद्धांत बोअर शेतकऱ्यांच्या हातांतील मौसर रायफली याच काडतुसाच्या. पुढें १८९८ च्या भक्कम घरांतहि तेंच काडतूस बसविण्यांत आलें. म्हणजे नळीवर शिक्का एकच, काडतूसहि एकच, परंतु एका रायफलीचें घर दोन कानांचें व पातळ, तर दुसरीचें तीन कानांचें व जाड. जुन्या रायफली जगांत हजारोंनीं शिल्लक आहेत हें ओळखून अमेरिकन कारखाने हें काडतूस मुद्दाम सौम्य भरीत आले आहेत. युरोपांतील भरणा पुष्कळदां अधिक कडक असतो. ज्याला आपल्या रायफलीचा वंश ठाऊक नाहीं, त्याला दुकानांतील दोन खोक्यांतलें कोणतें घ्यावें हेंहि ठाऊक नसतें.

आठ मिलिमीटरच्या काडतुसाचा घोळ याहून वाईट. १८८८ सालच्या जर्मन काडतुसाची गोळी ०.३१८ इंच व्यासाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं सैन्यानें टोंकदार 'एस्' गोळी घेतली, तिचा व्यास ०.३२३ इंच. फरक पांच सहस्रांश इंचाचा. बोटाला कळणार नाहीं, पण दाबाला चांगला कळतो. कारण अरुंद नळींतून जाड गोळी दाबून न्यावयाची म्हणजे मागें वायु कोंडणारच. काडतूस दोन्ही नळ्यांत जवळजवळ सारखेंच बसतें. शिकारी रायफलींचे कारखाने या बदलानंतरहि कित्येक वर्षें अरुंद नळ्या काढीत राहिले, म्हणून येथें सालावरून नळी ठरवितां येत नाहीं. ती मोजावीच लागते.

नळीवरील परीक्षेचे ठसे पुष्कळांस नक्षीसारखे वाटतात, परंतु ते बोलके असतात. जर्मन परीक्षागृहांचे ठसे दीर्घकाळ मुकुटाखालीं अक्षर अशा रूपाचे होते. १९३९ च्या कायद्यानंतर, म्हणजे १९४० पासून, मुकुट गेला आणि गरुड आला. तेव्हां मुकुटाची नळी १९४० च्या पूर्वींची. इंग्लंडांत परदेशी बंदुकीची परीक्षा झाली तर १९२५ ते १९५५ या काळांत तिच्यावर 'नॉट इंग्लिश मेक' असे तीन शब्द उमटवीत. हे शब्द वाचून कित्येकांना आपली वस्तु हलकी ठरविली असें वाटतें! वास्तविक तो निंदेचा शब्द नसून पंचांगाचें पान आहे. मात्र ठसा हा परीक्षेच्या दिवसाचा असतो; जुनी रायफल नव्यानें परीक्षेस गेली तर नवा ठसाच मिळणार.

हिंदुस्थानांत जी सर्वांत प्रसिद्ध मौसर-वंशी शिकारी रायफल होऊन गेली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ नळीची. रिग्बी कंपनीकडे १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून १९१२ पर्यंत ब्रिटनमधील मौसरची मक्तेदारी होती. ओबर्नडोर्फहून घरें व अडसर यावयाचे आणि लंडनला त्यांची शिकारी रायफल व्हावयाची. कुमाऊंतील चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं ही रायफल त्यांना भेट दिली. हें सात मिलिमीटरचेंच काडतूस. इंग्रजांनीं त्याला इंचांतलें नांव दिलें एवढेंच. दस्त्यावरील चांदीच्या पत्र्यावर देणगीचा मजकूर व १९०७ हें साल आहे. आतां समजा, पत्रा हरवला असता तर? मौसरचें १८९८ चें घर व अडसर यांवरून खालची मर्यादा १८९८ ठरली असती आणि रिग्बी व मौसर यांच्या संबंधावरून वरची मर्यादा १९१२ च्या आसपास. चौदा-पंधरा वर्षांचा हा पट्टा नुसत्या धातूनें सांगितला असता. उलट पत्रा असूनहि, रायफल १९०७ सालींच घडली असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. त्या सालच्या वाघिणीबद्दल ती दिली गेली एवढेंच सिद्ध होतें.

या देशांतील सरकारी निर्बंधांनींहि रायफलींवर तारखा उमटविल्या आहेत. बंडखोरांच्या हातीं लष्करी काडतुसें उपयोगी पडतील या भीतीनें ब्रिटिश सरकारनें १९०७ सालीं .४५० नळीच्या रायफलींच्या आयातीस बंदी केली. लगेच विलायती कारखानदारांनीं.४६५, .४७० अशा नव्या नळ्या काढल्या. त्या बहुतेक दुनळी, त्यामुळें या विषयाच्या कांठावरच्या. परंतु नळीच्या आंकड्यावरून साल कसें निघतें याचा हा चांगला दाखला आहे. .३०३ ची अडचण याच जातीची. तें सैन्याचें काडतूस, म्हणून खाजगी परवानेदारास दुर्मिळ. त्या जागीं ऑस्ट्रियाचें आठ मिलिमीटर मान्लिखर काडतूस.३१५ या नांवानें इकडे रूढ झालें. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें .३१५ ची शिकारी रायफल काढली. तिचें अंग जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एन्फील्डच्या वळणाचें असून अडसराचे कान पुढें नसून मागें आहेत. नुसत्या रूपावर जाणारा मनुष्य तिला पहिल्या महायुद्धाच्या काळांत नेऊन बसवील! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या सर्व रायफली परवान्यावरील वारशाच्या वस्तु होऊन बसल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर घराण्यांतील कथाहि वारशानें चालत आल्या आहेत. कथा ऐकाव्या, पण अडसर काढून पाहावा.

मौसरच्या कल्पना अटलांटिकपलीकडेहि गेल्या. अमेरिकन सरकारनें १९०३ सालीं स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली, तींत मौसरच्या पेटंटांचा इतका अंश होता कीं सरकारला मौसर कंपनीस दोन लाख डॉलर मोजावे लागले. थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं आफ्रिकेच्या शिकारयात्रेस निघाले तेव्हां या जातीची शिकारी रायफल त्यांच्याजवळ होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर तर कित्येक कारागिरांनीं लष्करी स्प्रिंगफील्ड घेऊन तिला सुंदर अक्रोडी दस्ता चढविण्याचा धंदाच मांडला. वर दस्ता नवा, माशी नवी, कधीं नळीहि नवी. घर मात्र जुनें. आणि या जुन्या घरांतच साप दडलेला होता.

पोलादाच्या घरास कणखरपणा यावा म्हणून तें भट्टींत तापवून विवक्षित रीतीनें निववावें लागतें. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यांत तपमान मोजण्याचें यंत्र या कामास वापरीत नसत. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून अनुभवी कारागीर 'झालें' म्हणत, कीं काम झालें. वर्षानुवर्षें ही रीत चालली. १९१७ सालीं कांहीं रायफली हातांत फुटल्या आणि चौकशी झाली. यंत्रानें मोजल्यावर असें आढळलें कीं स्वच्छ सूर्यप्रकाशाच्या दिवशीं तापलेलें पोलाद डोळ्यांस कमी लाल दिसतें, म्हणून कारागीर तें आणखी तापवूं देत. ढगाळ दिवशीं तेंच पोलाद अधिक लाल दिसे. अंदाज आणि खरें तपमान यांत फॅरनहाइटच्या कित्येक शेंकडा अंशांपर्यंत तफावत पडे. त्या घरांचें पोलाद जळून ठिसूळ झालेलें होतें, आणि हा दोष वरून दिसणारा नव्हता. १९१८ सालीं तपमान मोजून दोनदां तापविण्याची पद्धति सुरू झाली. स्प्रिंगफील्ड कारखान्यांत ८,००,००० व रॉक आयलंड कारखान्यांत २,८५,५०७ या क्रमांकांपासून पुढचीं घरें नव्या पद्धतीचीं समजतात. येथें क्रमांक हा वयाचा नुसता दाखला राहात नाहीं. तो वापरावें कीं न वापरावें याचा निवाडा होतो. खालच्या क्रमांकाचीं सगळींच घरें वाईट होतीं असें नव्हे. पण वाईट कोणतें हें न फोडतां कळत नाहीं, तेव्हां जाणते लोक अशा रायफलीला भिंतीवर टांगून ठेवतात. जळलेलें पोलाद पुन्हां तापवून मूळ स्थितीस येत नाहीं.

तारखा शोधणाराला खरा आनंद मात्र विंचेस्टरच्या मॉडेल ७० मध्यें आहे. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील या कंपनीची ख्याति पूर्वीं तरफेच्या रायफलींबद्दल होती. १९२५ सालीं तिनें अडसराची मॉडेल ५४ काढली. घडण मुख्यतः मौसरची, लांब नखीसह, आणि नळीचें मागचें तोंड स्प्रिंगफील्डसारखें निमुळत्या कोनाचें. .२७० विंचेस्टर हें नामांकित काडतूस हिच्याबरोबरच जन्मास आलें. रायफल उत्तम होती, पण तिच्यांत एक उणीव राहिली : ती उघड्या माशीसाठीं आंखलेली होती. अमेरिकन शिकाऱ्यांमध्यें दुर्बीण लावण्याची चाल वाढत होती. दुर्बीण घरावर सखल बसवावी तर उंच उचलली जाणारी मूठ तिला अडे, आणि मौसर पद्धतीची सुरक्षेची कळहि वर फिरतांना तिला अडे.

१९३६ सालीं क्रमांक १ पासून सुरू झालेली मॉडेल ७० ही या तक्रारीचें उत्तर होती. मूठ खालीं वांकविली, सुरक्षेची कळ आडवी फिरणारी केली, चाप सुटसुटीत केला, पेटीच्या तळाला बिजागरी दिली. परंतु कारखान्यालाहि दुर्बिणीवर अजून पुरता भरंवसा बसलेला नव्हता असें दिसतें, कारण युद्धपूर्व मॉडेल ७० च्या घराच्या मागच्या कमानीवर दुर्बिणीच्या बैठकीसाठीं भोंकें पाडलेलीं नसत, आणि कळ अडसराच्या टोपीच्या माथ्यावर असे. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादन पुन्हां सुरू झाल्यावर संक्रमणाचीं चार-पांच वर्षें गेलीं. त्या काळांत कळ माथ्यावरून उजव्या कुशीला आली, मागच्या कमानीवर कारखान्यांतूनच भोंकें येऊं लागलीं, आणि घराच्या शेपटाला मागच्या स्क्रूभोंवतीं जो त्रिदळी पानासारखा फुगवटा होता तो जाऊन शेपूट सरळ झालें. हे बदल एका दिवशीं झाले नाहींत. जुने भाग संपेपर्यंत वापरावयाचे हा कारखान्याचा धर्मच असतो. म्हणून एकाच रायफलींत नवी कळ आणि जुनें शेपूट आढळलें तर लगेच लबाडीचा संशय घेऊं नये. संक्रमणकाळांत तसें होणारच.

येथें बनावटीची गंमत उलटी आहे. युद्धपूर्व रायफलीस पुढें कोणी धन्यानें दुर्बीण लावावी म्हणून मागच्या कमानीवर भोंकें पाडून घेतलीं, तर तिची संग्राह्य किंमत उतरते. मग दुसरा धनी तीं भोंकें बुजवून वर रंग चढवितो! मूळचा निळसर काळा रंग आणि मागाहून घांसून दिलेला रंग यांतला भेद अक्षरांच्या कडांवर कळतो. घांसलेल्या नळीवरील अक्षरें बोथट होतात, आणि स्क्रूच्या भोंकांच्या कडा बशीसारख्या उतरत्या होतात.

नळीचा आंकडा येथें पुन्हां पंचांगाचें काम करतो. दस्ता उतरविला कीं या काळांतील नळीच्या पोटावर बहुधा दोन आंकडी साल ठोकलेलें दिसतें. घर क्रमांकानें १९५१ चें आणि नळी ५० ची असेल, तर काळजीचें कारण नाहीं. नळ्या सांठवून ठेवीत. पण घर १९४८ चें आणि नळी ५५ ची, तर ती नळी मागाहून बसविलेली. काडतुसांच्या जन्मतारखा तर दस्ता न उतरवितांहि उपयोगी पडतात. .३०८ विंचेस्टर बाजारांत आलें १९५२ सालीं, .२४३ आलें १९५५ सालीं, हत्तीसारख्या मोठ्या जनावरांसाठींचें .४५८ आलें १९५६ सालीं. त्रिदळी शेपटाच्या घरावर .२४३ ची नळी असेल, तर विकणारानें कितीहि शपथा घेतल्या तरी ती कारखान्यांतून तशी निघालेली नाहीं. १९५२ सालींच 'फेदरवेट' नांवाची हलकी जात निघाली. तिची नळी बावीस इंची व बारीक, चापाचें कडें आणि पेटीचा तळ ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. या भागाला लोहचुंबक लावून पाहावा. शाळकरी पोरालाहि जमेल अशी परीक्षा आहे.

१९६३ अखेर क्रमांक ५,८१,४७१ पर्यंत गेला होता. पुढच्या वर्षीं तो एकदम ७,००,००० पासून सुरू झाला, आणि त्या उडीत एक युग बदललें. हातानें घांसून-तासून घर जुळविणाऱ्या कारागिरांची मजुरी कारखान्यास परवडेना. १९६४ च्या नव्या मॉडेल ७० मध्यें मौसरपासून आलेली लांब नखी गेली. तिच्या जागीं अडसराच्या तोंडांत बसविलेली लहानशी खीळ आली. दस्त्यावरील चौकडीची नक्षी हातानें कोरण्याऐवजीं ठशानें दाबून उमटविली जाऊं लागली, आणि नळी व दस्ता यांच्यामध्यें डोळ्यांस खुपणारी फट राहूं लागली. शिकाऱ्यांनीं असा गहजब केला कीं 'चौसष्टपूर्व' हा शब्दच प्रतिष्ठेचा होऊन बसला व जुन्या रायफलींच्या किमती चढल्या. न्यायानें पाहिलें तर नव्या अडसराचें तोंड काडतुसाचें बूड चोहोंबाजूंनीं वेढून घेत होतें, आणि फुटल्या काडतुसाचा वायु अडविण्यास तें कांहीं वाईट नव्हतें. पण दाबलेली नक्षी माफ करणें अवघड होतें. ज्या मनुष्यानें वर्षभर पैसे सांठवून वस्तु घेतली, त्याला ती घडविणाराच्या हाताची खूण हवी असते, आणि त्याची ती मागणी रास्तच होती.

कंपनीनें हळूहळू पाऊल मागें घेतलें. १९६८ सालीं अडसर सरकतांना अडकूं नये म्हणून त्याला मार्गदर्शक खांच दिली, आणि त्याच सुमारास क्रमांकापूर्वीं 'जी' हें अक्षर आलें. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'क्लासिक' या नांवाखालीं लांब नखी परत आली. त्यामुळें आतां नखी दिसली म्हणून रायफल चौसष्टपूर्व ठरत नाहीं. आधीं क्रमांकापुढें 'जी' आहे कीं काय तें पाहावें. असेल तर ती नखी दुसऱ्या जन्माची. ३१ मार्च २००६ रोजीं न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. दोन वर्षांनीं मॉडेल ७० दक्षिण कॅरोलायनामधील कोलंबिया येथें पुन्हां निघूं लागली, नखीसह. त्या नळ्यांवर न्यू हेवनचें नांव नाहीं.